जाऊबाईंचा रॉटवायलर आणि माझं उघडं दार

खोटं कशाला बोलू, जळते मी वैशालीवर. वैशाली म्हणजे माझी धाकटी जाऊ. टिटवाळ्याला स्वतःचा बंगला, गेटवर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी आणि आत शेरा, पन्नास किलोचा रॉटवायलर. ती नुसतं "बस" म्हणाली की तो बसतो. आमच्याकडे वर्तकनगरला माझं कुणीच ऐकत नाही. म्हणून आपणही असाच कुत्रा आणायचा, हे ठरवूनच मी आज तिच्या हळदीकुंकवाला गेलेले.

शेराला मागच्या खोलीत बांधलं होतं. तरी तो एकदा भुंकला आणि आलेल्या बायका गेटपाशीच थबकल्या. "वैशाली, इथेच लाव गं कुंकू." मग तिने गेटवरूनच हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. आत अंथरलेली सतरंजी आणि मसाला दुधाचे कप तसेच राहिले.

"मागच्या वर्षी शेरा नव्हता, तर तासभर गप्पा मारत बसलेल्या गं," ती म्हणाली.

मला आतून बरं वाटलं. तेही खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी घरी आले. दार नेहमीसारखं उघडं, सासूबाई टीव्हीसमोर आणि शेजारच्या काकू माझ्या फ्रिजमधून कढीपत्ता काढतायत. "आलीस? बस, चहा टाकते," म्हणाल्या. माझ्याच घरात! आणि मी बसले.

कुत्र्याचा विषय तिथेच संपला. बंगल्यावरून मात्र अजून जळतेय.

राखणीचा मोठा कुत्रा पाळणाऱ्यांनो, खरं सांगा, तुमच्या घरात न विचारता शेवटचं कोण आलेलं?