उसवलेली बाही

त्या सकाळी धुकं असं दाट होतं की रफूमावशींना दुकानाची पायरी पायानं चाचपावी लागली. खिडकीशी बसून त्यांनी दहा सुयांत दहा रंगांचे दोरे ओवून ठेवले. अकराला कोर्टात जायचं होतं, पण तेवढ्यासाठी काम खोळंबवायची त्यांची रीत नव्हती.

दुकान कसलं, पेटीच. अर्ध्यात मावशींचं रफूकाम, अर्ध्यात नवऱ्याचं किल्ल्या घासायचं यंत्र. मावशींनी बुजवलेलं भोक भिंग लावूनही सापडायचं नाही. आणि नेमकं तेच अंगाशी आलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या एका बंगल्यावर शाल पोचवायला गेल्या, तेव्हा तिथला मोकळा कुत्रा डाव्या हाताला कडकडून चावला. जखम भरली, दोन बोटं बधिर राहिली. उजवा हात सुई चालवतो, पण कापडाची वीण कळते ती डाव्याच्या बोटांना. तीन महिने काम बंद. बंगलेवाले म्हणाले, "लाडात जरा बाही धरली त्यानं. बोटं काय, वयानं बधिर झाली असतील." मावशींनी भरपाईचा दावा लावला. बोटांचे उपचार त्यावरच अडले होते.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "फाटलेला कोट कुठंय?"

"हा काय, अंगात."

"यात फाटलंय कुठं?"

"मग फाटका घालून हिंडू होय? जरा बरं वाटलं तशी बाही उशीला टाचली, अन् एकट्या उजव्यानं बसवली."

"मावशी, अहो पुरावाच रफू केलात."

सोबत आलेला नवरा म्हणाला, "कुत्रा हाती लागला नाही ते बरं. त्यालाही दोन टाके घातले असते."

कोर्टात झालंही वकीलबाईंना भीती होती तसंच. समोरच्या वकिलानं बाही उचलून धरली. "साहेब, दात इतके खोल गेले म्हणतात, आणि कोटाला साधी खोच नाही."

मावशी उठल्या. "साहेब, उसवून दाखवू का?"

न्यायाधीशांनी मान हलवली. मावशींनी कोट उतरवला आणि गळपट्टीत खोचलेली सुई काढली. डावी बोटं कापड धरीनात, तेव्हा बाहीची कड दातांत धरली आणि एकेक दोरा उचलायला लागल्या. अर्धा तास त्या उसवत होत्या. लोकर मोकळी झाली, मग आतलं जाड कापड, मग अस्तर. वरून चार भोकं, खालून तीन, आणि ओढून लांबलेली एक चीर. आतल्या कापडावर धुऊनही न गेलेला काळा डाग.

"ही भोकं आत्ताच पाडली नाहीत कशावरून?" वकील म्हणाला.

"भोकं पाडून माझं पोट भरत नाही, वकीलसाहेब."

न्यायाधीशांनी भोकात स्वतःचं बोट घालून पाहिलं. ते पार आतून बाहेर आलं. मग मावशींच्या दातांच्या ओल्या खुणा उमटलेल्या त्या कडेकडे ते बराच वेळ बघत राहिले.

दुपारी निकाल लागला. उपचारांचा खर्च आणि तीन महिन्यांची कमाई बंगलेवाल्यांनी द्यायची. कोट तेवढा कोर्टानं ठेवून घेतला.

मावशी कुडकुडत दुकानी आल्या. नवऱ्यानं आपला कोट काढून दिला. त्याचं कोपर पार उघडं पडलेलं.

"हे कधीचं?"

"वीस वर्षं सांगतोय."

"गिऱ्हाइकाला उशीर चालत नाही. तुम्हाला चालतो."

त्यांनी कोपर उजेडात धरून पाहिलं, उशीला टाचलं आणि सकाळी ओवलेल्या सुयांतली तपकिरी दोऱ्याची उचलली.