लाडवांच्या डब्यातून आलेली हार्ड डिस्क

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आईबाबांच्या लग्नाचं सगळं शूटिंग कुठं आहे? पाठवून दे की." मी विषय बदलला, कारण आजोबा शेजारी बसले होते. आज ते केस कापायला गेले आहेत, तेवढ्यात लिहून टाकते. ते घरात असले की या प्रकरणात मधे मधे व्होल्टेज आणतात.

लग्नाचं सगळं शूटिंग एका हार्ड डिस्कमध्ये होतं. तुमच्या पणजी त्यानंतर वर्षभरात गेल्या आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. आजोबांना आपल्या आईची आठवण आली की ते म्हणायचे, "जरा लग्न लाव." मग मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं पळवत थेट पंगतीवर यायचे. पंगतीत पणजी बोलतात.

डिस्कबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली. त्यातल्या सूचना मराठीत लिहून डिस्कच्या पिशवीवर चिकटवल्या: आपटू नये, भिजवू नये, उन्हात ठेवू नये, चालू असताना ओढून काढू नये. मे महिन्यात डिस्क माठाशेजारी ठेवली तर गार राहील की ओल धरेल, यावर आजोबांनी आणि मी एक अख्खी दुपार वाद घातला.

पुढं गंगापूरच्या आत्याआजींना, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीला, आईला बघावंसं वाटलं. नाही कसं म्हणणार? आजोबा स्वतः जाऊन डिस्क देऊन आले. परत पाठवताना मात्र वन्संनी घरची नेहमीची रीत पाळली. वस्तू एसटीच्या ड्रायव्हरकडे सोपवायची, इकडं स्टँडवर आपण उतरवून घ्यायची. लोणचं, औषधं, शाळेचे दाखले, सगळं असंच यायचं. डिस्क आली ती बेसनाच्या लाडवांच्या डब्यात, खाली लाडू, वर लाडू.

टीव्हीला लावली तर नुसती कट्‌कट्‌ वाजायला लागली. चित्र येईना. मी गंगापूरला फोन केला.

"वन्सं, लाडवांत कशाला ठेवलीत?"

"तुम्हीच लिहिलं व्हतं ना वैनी, आपटू नये म्हणून. मऊ जागा बघून ठेवली."

"चालू असताना ओढू नये, हेही लिहिलं होतं."

"ते वाचत बसले असते तर बस गेली असती. ड्रायव्हर लई हॉर्न मारत व्हता. टीव्हीतून उपसली अन् पळत सुटले. लाडू कसे झालेत?"

लाडू उत्तम झाले होते. मी दोन खाल्ले. आजोबांनी डब्याला हात लावला नाही.

पैठण गेटजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदारानं डिस्कच्या तोंडातलं बेसन फुंकून काढलं. "अम्मा, चालू में खींचे क्या?" मग त्यानं समजावलं. आत चकत्या गरगर फिरतात, त्यांच्यावर एक बारीक काटा न टेकता तरंगतो. फिरत असताना हिसका बसला की काटा चकतीला घासतो आणि जिथं घासतो तिथलं सगळं जातं. यातलं आता काही निघणार नाही. शिवाय उष्णता, ओल, वीज आणि वय आहेच. कितीही जपलं तरी डिस्क एक दिवस जाणारच, म्हणून दोन ठेवायच्या.

"हे आधी सांगायचं," आजोबा म्हणाले.

"पहले कौन आता है हमारे पास, साब?"

रिक्षा क्रांती चौकात आली. तेव्हा आजोबा म्हणाले, "व्होल्टेजच असणार. तिला काही बोलू नकोस." तेव्हापासून आमच्या घरात ती डिस्क व्होल्टेजनं गेली.

दिवाळीत वन्सं भाऊबीजेला आल्या. ओवाळून झाल्यावर त्यांनी आपला मोबाइल आजोबांपुढं धरला. त्या दिवशी बस येण्याआधी त्यांनी टीव्हीवरची पंगत मोबाइलमध्ये धरून ठेवली होती. हात इतका हललाय की पणजी होडीत बसल्यासारख्या दिसतात. कुकरची शिट्टी होते, वन्सं तिलाच "गप बस" म्हणतात, आणि मग पणजी शूटिंगवाल्याला म्हणतात, "आरं बाबा, तो दिवा बाजूला घे की. डोळ्याचं आप्रेशन लई महागात पडलंय मला." आजोबांनी ते परत लावायला सांगितलं. मग परत. मग लाडू मागितला.

तर लग्न उरलेलं नाही. पणजींचं हे एक बोलणं उरलंय. ते वन्संच्या, आजोबांच्या आणि माझ्या मोबाइलवर आहे, आणि आज तुम्हालाही पाठवलं आहे.