बाभूळ आमची, कुऱ्हाड तिवारींची

घरामागच्या आमच्या प्लॉटवरची बाभूळ आमची आहे, हे आमच्या घराबाहेर कुणालाच मान्य नव्हतं. शेजारच्या तिवारींना तर नव्हतंच नव्हतं. रायपूर राजधानी काय झालं, हे गृहस्थ स्वतःच राज्य चालवत असल्यासारखे वागू लागले. कुंपण ओलांडून यायचे, हवी ती फांदी तोडायचे आणि आपल्या अंगणात रचून ठेवायचे.

"काहून चूप बसून राहिले तुम्ही?" माझी बायको सुनंदा कडाडली. "उन्हाळ्यात कुरडयांचा चीक कायच्यावर शिजवू? त्या तिवारीच्या डोक्यावर?"

मी तरातरा गेलो. "भैया, ये हमारी ज़मीन है!"

"अरे भाईसाहब, राजधानी में रहते हो और लकड़ी के लिए लड़ते हो? ज़रा ये डाल पकड़ना."

मी पकडली! (कुणी काही धरायला सांगितलं की धरायचं, हे आमच्या घराण्याचं वळण.)

शेवटी सुनंदानेच माणूस लावून उरलेली बाभूळ तोडून घेतली. अंगण एवढंसं, म्हणून ढीग फाटकाबाहेर रचला. आता राखण कोण करणार? तिथे माझं डोकं चाललं! आमच्याकडे वसंत पंचमीला एरंडाची फांदी रोवली की तिथे होळी ठरते, आणि होळीच्या लाकडाला कुणी हात लावत नाही. पंचमीच्या सकाळी मी गुपचूप ढिगात एरंड रोवला.

तिवारी कुऱ्हाड घेऊन आले, एरंड पाहून त्यांनी हात जोडले आणि परत गेले. मी कॉलर ताठ करून फिरू लागलो.

मग पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, लोकांनी ढिगावर मोडक्या खाटा आणून टाकल्या. बायका हळदकुंकू वाहून गेल्या.

"आता काढा ना लाकडं!" सुनंदा म्हणाली.

"होळीचं लाकूड घरात आणू? पाप लागते!"

"मंग एरंड कोणं रोवला? म्या?"

होळी पेटवायचा मान तिवारींना मिळाला. "क्या लकड़ी है, भाईसाहब!" ते मलाच म्हणाले.

पण सुनंदा हार मानणारी नव्हे. ऊन तापताच तिने चिकाचा गंज उचलला, सरळ तिवारींच्या अंगणात गेली आणि त्यांच्या पेटत्या चुलीवर चढवला.

"अरे भाभीजी, ये क्या?"

"जहाँ हमारी लकड़ी, वहाँ हमारा चूल्हा!"

मीही छाती काढून पुढे झालो. "बरोबर बोलून राहिली ते. चुलीतली ही फांदी आमचीच हाये!"

"तुमाले कसं समजलं?" सुनंदाने विचारलं.

न समजायला काय झालं? तोडताना मीच तर धरली होती!