ताइस्तोनं टाकलेली बॅट

आमच्या कुओलाम्पी गावातल्या क्लबाच्या भिंतीवर पाच फोटो आहेत. पाचही जण पेसापालोत देशाकडून खेळलेले. दांडक्यानं चेंडू टोलवायचा, दांडकं भिरकावायचं आणि जीव खाऊन पळायचं, असा हा आमचा खेळ. गावातलं पोर चालायला लागलं की आधी हे शिकतं, मग सायकल. मधोमध, शेगडीच्या वर, मानाच्या जागी याल्मारीचा फोटो. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी फोटोवरची धूळ त्याची बायको हिल्का दर गुरुवारी स्वतः पुसते. क्लबाची कॉफी ती करते, किल्ली तिच्याकडे, आणि भिंतीवर खिळा कुणासाठी ठोकायचा तेही तीच ठरवते. कमिटी आहे म्हणतात. तिला हिल्का कॉफी पाजते, एवढंच कमिटीचं काम.

या फोटोंच्या खाली तीस वर्षं बसत आलेला माणूस म्हणजे हिल्काचा धाकटा भाऊ, ताइस्तो. शाळेचा राखणदार. हिवाळ्यात बर्फ ओढायचा, उन्हाळ्यात गवत कापायचं आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या. रेघा मात्र अशा सरळ की बघत राहावं. तरुणपणी तोही गावाच्या संघात होता, म्हणजे बाकावर होता. बाकाची फळी ताइस्तोच्या बुडानं गुळगुळीत झाली, असं हिल्का चारचौघांत म्हणायची आणि दरवेळी आत्ताच सुचल्यासारखी हसायची.

अशा माणसाला पन्नाशीत क्रिकेट भेटलं.

भेटवलं शफकतनं. हा मूळचा सियालकोटचा, पण वीस वर्षं आमच्या बेकरीत राय धान्याचे काळे पाव भाजतोय. ज्या म्हाताऱ्यांना त्याचं नाव धड घेता येत नाही, त्या सकाळी सातला त्याच्या पावासाठी रांग लावतात. शनिवारी शाळेमागच्या मैदानावर तो आणि त्याचे दहाबारा सोबती हिरवी चटई अंथरून खेळायचे. कुणी इस्पितळात नर्स, कुणी बस चालवणारा, एक दाताचा डॉक्टर. गाव कुंपणाबाहेरून बघायचं आणि नाकं मुरडायचं.

"चेंडू जमिनीवर आपटून टाकतात. धड फेकता येत नाही वाटतं."

"आणि मारला तरी पळत नाहीत. उभाच राहतो ठोंब्या!"

"मधेच खेळ थांबवून चहा पितात म्हणे."

"चहा?"

दिवसाला सात कप कॉफी रिचवणाऱ्या गावाला हे शेवटचं काही सोसवेना.

ताइस्तो त्यांच्यासाठी रेघा मारायला जायचा. मारून झाल्या की घरी यायचा. मग थांबायला लागला. एका शनिवारी माणूस कमी पडला आणि शफकतनं बॅट पुढे केली. "भाई, ये." तीस वर्षांत ताइस्तोला 'ये' म्हणणारा हा पहिलाच. तो गेला. पहिलाच चेंडू त्यानं झकास मारला, बॅट झाडाकडे भिरकावली आणि धावत सुटला. सगळे पोट धरून हसले. शफकतनं समजावलं की भाई, इथे बॅट सोडायची नसते. ती रेघेपलीकडे टेकली की तू पोचलास, पाय मागे राहिले तरी चालतं. ताइस्तोनं मान हलवली आणि पुढच्या चेंडूला पुन्हा भिरकावली. दोन वर्षं हेच. आडदांड खांद्यांमुळे चेंडू चांगला जायचा, पण बॅट त्याच्याही आधी जायची. शेवटी शफकतनं पिठाच्या पोत्याची सुतळी आणली आणि बॅट त्याच्या मनगटाला बांधून टाकली. मग जमायला लागलं.

आता देशाचा संघ. देशाचा संघ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे काही येतं, ते आधी पुसून टाकावं. शफकत आणि त्याचे सोबती, शिवाय राजधानीतले चारपाच जण, झाला संघ. अध्यक्ष रूरिकसाहेब. त्यांनी जन्मात बॅट धरली नव्हती, पण छातीवर देशाचं चिन्ह शिवलेले कोट त्यांच्याकडे तीन. एस्टोनियाशी सामना ठरला, तेव्हा कळलं की राजधानीतलं मैदान त्या दिवशी कुत्र्यांच्या प्रदर्शनाला दिलंय. कुत्र्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. म्हणून देशाची इभ्रत आली कुओलाम्पीला, शाळेच्या मागे.

त्यात एका खेळाडूची बायको बाळंत झाली आणि दोघांना इस्पितळातून सुटी मिळेना. रूरिकसाहेबांनी यादीवर बोट फिरवलं. "एक तरी नाव असं हवं, जे मंत्र्यांना वाचता येईल." शफकतनं रेघा मारणाऱ्या माणसाकडे बघितलं.

त्या गुरुवारी ताइस्तो क्लबात आला तो बाकावर बसलाच नाही.

"ताई, मी देशाकडून खेळतोय."

हिल्का कॉफी ओतत होती. ओतत राहिली. "कुठला देश?"

"आपला."

"काय खेळतोयस, ताइस्त्या? लपंडाव?"

"क्रिकेट. देशाकडून खेळला की फोटो लागतो. तूच म्हणतेस."

सगळी खोली हसली. हिल्कानं वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "ते चहावाले? त्यातला निम्मा संघ आपल्या देशात जन्मलेलासुद्धा नाही."

"आणि भावोजी कुणाशी खेळले होते?" ताइस्तो म्हणाला. "स्वीडनच्या संघाशी. त्या संघात स्वीडनचा होता कोण? सगळे आपलेच, तिकडे कारखान्यात कामाला गेलेले. सामना संपल्यावर भावोजींच्या मावसभावानंच त्यांना जेवायला नेलं होतं."

खोलीत कुणी हसलं नाही. याल्मारीबद्दल या खोलीत असं कुणी बोलत नसे, आणि खोटं म्हणावं तर तो मावसभाऊ शेजारच्याच गल्लीत राहत होता.

"बरं," हिल्का म्हणाली. "एक धाव काढून ये. एकच. शून्यावर आलेल्याचा फोटो माझ्या नवऱ्याच्या शेजारी लागणार नाही."

सामन्याच्या दिवशी पहाटेच जाऊन ताइस्तोनं रेघा मारल्या. देशाच्या खेळाडूनं स्वतःच मैदान आखायचं, असा हा थाट. अख्खं गाव लोटलं, सॉसेज भाजायच्या जाळ्या घेऊन. क्रिकेट बघायला नव्हे. ताइस्तो पडतो कसा, ते बघायला. हिल्का घडीची खुर्ची घेऊन कुंपणाला टेकून बसली. दोन्ही संघ उभे राहिले. रूरिकसाहेबांनी दोन्ही देशांच्या पुरातन मैत्रीवर भाषण केलं, आणि तोवर पलीकडचा कप्तान व शफकत एकाच मोहल्ल्यातले निघून एकमेकांच्या आईची तब्येत विचारून मोकळे झाले.

एस्टोनियावाले एकशे अकरावर आटोपले. आपले चांगले चालले होते, मग जेवणात शफकतचा डाळभात आला आणि त्यानंतर कुणाचेच पाय हलेनात. नऊ जण गेले. धावा एकशे दहा. जिंकायला दोन हव्यात आणि उरला एकटा ताइस्तो.

तो मनगटाला सुतळी बांधून निघाला. दोरीपाशी रूरिकसाहेबांनी अडवलं.

"हे काय? सोडा ती. देशाच्या संघाला सुतळी शोभत नाही. वर्तमानपत्रवाली बाई आलीये."

"साहेब, बॅट सुटते माझ्या हातून."

"बावन्न वर्षांचे आहात ना तुम्ही?"

ताइस्तोनं सुतळी सोडली आणि घडी करून खिशात ठेवली. पलीकडच्या टोकाला शफकत होता. तो मधे येऊन कानात पुटपुटला, "भाई, एक काढ, बाकीचं मी बघतो. फक्त बॅट सोडू नकोस. मेलास तरी सोडू नकोस."

पहिला चेंडू ताइस्तोला दिसलाच नाही. दुसरा बरगडीला लागला. "हा काय उभाय तिथं पुतळ्यासारखा!" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं. तिसरा पुढ्यात पडला, आणि ताइस्तोनं डोळे मिटूनच म्हणावं असा टोला दिला. चेंडू दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून सरपटत गेला. शफकत धावत सुटला. ताइस्तो क्षणभर बॅट घट्ट धरून उभा राहिला. बरोबर आठवत होतं त्याला.

आणि कुंपणावरून अख्खं गाव ओरडलं. टिंगल करायला आलेलं गाव, हातातलं सॉसेज विसरून, जन्मभराच्या सवयीनं ओरडलं: "टाक आणि पळ!" सगळ्यांत वर हिल्काचा आवाज. खुर्ची उलथून ती उभी राहिली होती. याल्मारीसाठी ओरडायची तशी ओरडत होती. "ताइस्त्या, टाक! टाक की!"

तीस वर्षं बाकावर बसून ज्या हाकेची वाट पाहिली, ती हाक आली. ताइस्तोनं बॅट टाकली. नुसती टाकली नाही, नीट कमरेतून वळून भिरकावली आणि पळाला. काय पळाला! बावन्न वर्षांचा माणूस असा पळताना गावानं पाहिला नव्हता. चेंडू आला, यष्ट्या उडाल्या, तेव्हा त्याचा बूट त्यानंच पहाटे मारलेल्या रेघेच्या वीतभर अलीकडे होता. बॅट हातात असती, तर टेकून वर हातभर उरली असती.

देश एका धावेनं हरला. गाव टाळ्या पिटत होतं. ही पळापळ त्यांच्या लेखी अव्वल होती. पंचांनी बोट वर केल्यावर मात्र एकेकाचे हात थांबले. ताइस्तो खाली वाकून रेघेकडे बघत होता. शफकत त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला. "भाई," तो म्हणाला, "सुतळी कुठाय?" ताइस्तोनं खिशातून काढून दाखवली. दोघांनी रूरिकसाहेबांकडे पाहिलं. साहेब वर्तमानपत्रवालीला सांगत होते की संघ तरुण आहे, शिकेल.

पुढच्या गुरुवारी ताइस्तो क्लबात आला आणि गुपचूप बाकावर बसला. हिल्कानं त्याच्यापुढे कॉफी ठेवली, न मागता साखर ठेवली, आणि एक चौकट ठेवली. वर्तमानपत्रातला फोटो मोठा करून आणला होता. बॅट हवेत, ताइस्तो मोकळ्या हातांनी झेपावतोय, मागे तोंड वासलेलं गाव.

"याल्मारीच्या शेजारी लावते," ती म्हणाली.

"मी शून्यावर आलो."

"'टाक' कुणी ओरडलं, ठाऊक आहे मला. माझाच आवाज होता तो." मग घसा खाकरून, "फोटोत चटई दिसत नाही. बघणाऱ्याला पेसापालोच वाटेल. खाली नुसतं नाव लिहू."

ताइस्तोनं कप संपेपर्यंत फोटो पाहिला. "नाही. खाली क्रिकेट लिही. देशाचा संघ लिही. आणि धावा शून्य, तेही."

"डोकं फिरलंय? ते लिहिलेलं या खोलीत लागणार नाही. फार तर बाहेर, बुटांच्या मांडणीवर."

"बुटांवर लाव."

"अरे, तिथं वास येतो!"

"येऊ दे."

हिल्कानं तिथं खिळा ठोकला, जरा जोरातच. आता क्लबात जो येतो, त्याला बूट काढायला वाकावं लागतं, आणि वाकलं की नाकासमोर ताइस्तो. आतल्या पाचांकडे लोक कॉफीच्या नादात कधी बघत नाहीत. शफकत हल्ली गुरुवारी येतो, चहाची पुडी बरोबर घेऊन. वाकतो, फोटोतल्या हवेतल्या बॅटकडे बघतो, सुस्कारा टाकतो आणि आत जातो. हिल्का म्हणते, धूळ पुसायला तिथं फार वाकावं लागतं, कंबर धरते. चौकट तेवढी लखलखीत असते.