फडक्याखालची भाकर

मैत्रिणींनो, दर आठवड्याला मी या सदरात तुम्हाला फटकारते. डाएटची खुळं सोडा, घरची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खा, पोट भरलं की थांबा. आज मात्र मलाच तोंड दाखवायला जागा नाही.

दुपारी हिंगणीहून माझी नणंद कुसुम जेवायला आली. तिला शुगर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी पुऱ्या तळल्या, श्रीखंड केलं. सत्तरच्या दशकात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, "पाहुण्याच्या पानात भाकर वाढू नोको, लोक हासतीन." कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, बाकी सगळ्या गोष्टींवर त्यांच्याशी भांडले. ही एवढी निमूट पाळली.

कुसुम नको म्हणत होती. मी शपथ घालून आणखी दोन पुऱ्या वाढल्या. तिने त्या मुकाट्याने संपवल्या.

मग ती पाणी घ्यायला आत गेली. ओट्यावरचं फडकं तिने उचललं, तर खाली आमच्या रात्रीच्या जेवणाच्या भाकरी.

"वहिनी, तुमचं वाचूनच मी भाकर धरली. शुगर उतरून राह्यली होती. मले काऊन नाई वाढली? मी काय पाहुणी आहो?"

जाताना तिने त्यातली एक भाकर मागून घेतली. ती बांधून देताना माझी मान वर होईना.

तुम्ही रोज जे खाता, तेच पाहुण्यालाही वाढता का? खरं लिहा. आज मी कुणालाही बोलणार नाही.