पिराजीचं मशीन थांबायचं तेव्हा

गडहिंग्लजकडचा पिराजी कांबळे आयटीआय करून शिरोलीच्या एमआयडीसीत आला तो ब्याण्णव साली. लोखंडी ओतकाम लेथवर चढवायचं आणि कातून मापात आणायचं, हे त्याचं काम. ते त्याला हाताला धरून शिकवलं शेजारच्या मशीनवरच्या सयाजीनं. सयाजी आजऱ्याचा, वयानं मोठा. पिराजी त्याला दादा म्हणायचा.

दोन हजार सहा साली मालकांनी प्रत्येक मशीनला सेन्सर बसवले. कुठलं मशीन कधी थांबलं, ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसू लागलं. मग एके दिवशी मॅनेजर गणपतरावांनी पिराजीला बोलावलं. पडद्यावर त्याची रेघ जागोजागी तुटलेली.

"सारखं बंद तुझं मशीन! शेजारी सयाजी बघ, या वयात कसा करतोय. तू कुठं जातोस रे?"

पिराजी जायचा शेजारीच. सयाजीची उमेदीची वर्षं ओतकामाच्या फौंड्रीत, वाळूची धूळ छातीत ओढत गेलेली. आता जड ओतकाम उचललं की त्याचा दम उखडायचा. म्हणून पिराजी आपलं मशीन थांबवून त्याचं ओझं उचलून द्यायचा. हे सांगावं, तर दादाची नोकरी जाणार.

"चुकलं साहेब," एवढंच तो म्हणाला.

त्याला कामावरून कमी करायचं ठरलं. सयाजीच्या कानावर गेलं तसा तो धापा टाकत जिना चढला. पिराजी मागनं धावला. "दादा, गप बसा की!"

सयाजीनं पडद्यावर बोट ठेवलं. "साहेब, हे त्येचं थांबणं न्हाय, माझं हाय. त्यो थांबला म्हणून मी चाललो."

गणपतरावांनी धापा टाकणाऱ्या सयाजीला खुर्ची दिली. पिराजीची नोकरी राहिली. सयाजीला त्यांनी स्टोअरमध्ये बसतं काम दिलं, दवाखान्यातही पाठवलं. पण डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय. वर्षाच्या आतच सयाजी गेला.

दहाव्याला पिराजी आजऱ्याला गेला. सयाजीची बायको बाळाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

"भावजी, तुमी त्येंचं वझं उचललासा, पर मला सांगितलं न्हाईसा. मी त्येंला तवाच घरी बसवलं असतं."

"दादांनी शपथ घातलती, वैनी."

"व्हय. त्येंनी घातली. तुमी पाळलासा."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच पिराजीला सोसवेना.

त्या पावसाळ्यात मशीनशॉपमधला कृष्णात नावाचा कामगार खोकून खोकून मशीनला टेकला. पिराजीनं त्याचं ओझं उचललं नाही. दोघांचीही मशीनं बंद केली आणि त्याच्या नको-नकोला न जुमानता त्याला दवाखान्यात घेऊन गेला.