मराठी विभागाची खो-खो टीम

विद्यापीठात फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की फाईल मागितली तरी सापडत नाही आणि किस्सा न मागता निघतो! मी कलबुर्गीत मराठी शिकवतो. आमच्या विभागात मुलं थोडी, पण विद्यापीठाच्या मुलींच्या खो-खो टीममध्ये निम्म्या आमच्याच. याचं सगळं श्रेय क्रीडाशिक्षक बिरादार सरांना.

*

टीमची कॅप्टन महादेवी आळंदची. एका सकाळी तिनं स्टँडवरून सुटलेली बस पळत जाऊन पकडली. आत बिरादार सर बसलेले.

"कुठं शिकायलीस गं?"

"अजून कुठंच न्हाई सर. ॲडमिशनलाच जायले."

"मग मराठी घे. तो विभाग ग्राउंडला लागूनच हाय!"

आमचे प्रवेश हे असे होतात. साहित्याच्या गोडीवर आम्ही भाषणं देतो, ते वेगळं.

*

बीदरला सामना होता. समोरच्या मुली आपसात कन्नड बोलत होत्या, म्हणून आमच्यांनी ठरवलं, खुणा मराठीतून ओरडायच्या. सीमेवर जन्म काढून ही अक्कल! मी डोक्याला हात लावला. सामना सुरू झाला. महादेवी बाहेरून ओरडायची, "डावीकडं!" आणि आमची पळणारी उजवीकडं. शेवटी समोरची बसवकल्याणची कॅप्टन वैतागली.

"अक्का, तुमी डावं म्हणायलाव अन् ही उजवीकडं पळायलीय. असं कामून?"

"तुमाला मराठी येतंय म्हणून!"

*

युवा महोत्सवात आमचं नाटक होतं. गर्दीच्या प्रसंगाला माणसं कमी पडली, म्हणून खो-खोच्या मुली घेतल्या. मी एवढंच सांगितलं, "ओळीत बसा."

पडदा उघडला. पहिलीचं तोंड प्रेक्षकांकडे, दुसरीची पाठ, तिसरीचं तोंड, चौथीची पाठ! अगदी मैदानावर बसतात तशा. मी विंगेत घाम पुसतोय आणि परीक्षक भराभर काहीतरी लिहून घेतायत. 'दिग्दर्शनातला नवा विचार' म्हणून मला बक्षीस मिळालं. ते मी अजून परत केलेलं नाही.

*

एक दिवस मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. महादेवीची एम.ए.ची तोंडी परीक्षा आणि आमच्याच ग्राउंडवरची फायनल एकाच दुपारी आली. परीक्षा बुडाली तर तिचं वर्ष जाणार, आणि ती नसली तर फायनल जाणार.

"बाहेरचे परीक्षक पुन्हा यायचे नाहीत," विभागप्रमुख कुलकर्णी मॅडम म्हणाल्या.

"मग मी दुसरी कॅप्टन कुठून आणू?" बिरादार सर.

मला खरंच वाईट वाटत होतं. पोरीनं प्रबंधासाठी आळंदच्या बाजूला गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. पण ती कुणाच्या तोंडाकडे बघत बसली नाही. थेट सोलापूरहून आलेल्या परीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, मध्यंतरात विचारा की. मी कुठं पळून जायले?"

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तिचा प्रबंध काखेत मारून ते ग्राउंडवर आले. कडेला खुर्ची टाकून बसले. मागोमाग मॅडमही आल्या.

मध्यंतर झालं. महादेवी धापा टाकत समोर उभी.

"या ओव्यांतली मराठी आणि कन्नड तुम्ही वेगळी का नाही केलीत?"

"दोन कारणं हायत सर. पहिलं, दळताना बाया भाषा निवडत बसत न्हाईत. अन् दुसरं..."

शिट्टी वाजली. महादेवी पळाली.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्हाला एक गुण हवा होता. महादेवीला खो मिळाला. तिनं अशी झेप घेतली की धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा पंचांचा हात वर होता!

मुलींनी तिला खांद्यावर घेतलं. बिरादार सर कन्नडमध्ये ओरडत होते, मी मराठीत. कुलकर्णी मॅडमनी चक्क शिट्टी मारली. परीक्षक खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्या सगळ्या गोंधळात वरून आवाज आला,

"सर, जाऊ नका! दुसरं कारण राहिलंय!"